काळोखाचा ताळेबंद

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१९०४ साली मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचा एक विभाग खाडीपलीकडे अलिबागला आला. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवणारा हा विभाग. कुलाब्याला १८४० च्या दशकापासून हे काम अखंड चालू होते. पण मुंबईत विजेवर ट्राम धावणार असे दिसू लागले. त्या विजेच्या प्रवाहाने वेधशाळेच्या नाजूक चुंबकसुया बिथरणार, हे संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या ध्यानात आले. मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांनी विजेच्या गडबडीपासून दूर असलेली जागा म्हणून अलिबाग निवडले आणि तिथे चुंबकत्वाचा परिणाम नसलेल्या पोरबंदरी दगडाची इमारत उभी राहिली. १९०४ ते १९०६ ही दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. जुन्या जागेचे आकडे नव्या जागेच्या आकड्यांशी जुळवून घेतले, आणि मगच कुलाब्याचे काम थांबले. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ च्या मे महिन्यात. म्हणजे नुकसान होण्याच्या आधी मोजमाप झाले होते.

आजचा माझा विषय प्रकाशाच्या प्रदूषणाचा आहे. मग चुंबकाची ही गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. गोष्ट सांगितली ती दोन कारणांसाठी. विजेमुळे सोय होते तसा उपद्रवही होऊ शकतो, हे आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी एका सरकारी खात्याने मान्य केले होते, हे पहिले कारण. आणि उपद्रव किती, हे ठरवायचे तर उपद्रव सुरू होण्याआधीची नोंद हाती असावी लागते, हे दुसरे. अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. त्याच जिल्ह्याला १९८१ पासून आपण रायगड म्हणतो, आणि पेण व रोहा हे त्यातले दोन तालुके. या दोन तालुक्यांच्या रात्री गेल्या शंभर वर्षांत कशा बदलल्या, त्यात मिळवले काय आणि गमावले काय, याचा हिशेब मला आज मांडायचा आहे.

विजेआधीची रात्र कशी होती? किनाऱ्याकडच्या घरांत उंडीच्या किंवा खोबऱ्याच्या तेलाचा दिवा असे. पुढे रॉकेल आले, तशी चिमणी आणि कंदील आले. लग्नकार्याला, भजनाला गॅसबत्ती भाड्याने आणत. पण त्या काळी माणसे अंधारात चाचपडत होती असे समजू नये. पेणच्या खारेपाटातल्या आगरी शेतकऱ्याला आणि मिठागरावरच्या कामगाराला चंद्र पाहून भरतीची वेळ सांगता येई. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, हे गणित तोंडपाठ असे, कारण खारबंदिस्तीचा बांध फुटला तर वर्षाचे भात जाई. पहिल्या पावसात शेतात चढून येणारे वलगणीचे मासे पकडायला रात्री बत्ती घेऊन निघत. बत्तीचा उजेड हवा तिथे आणि हवा तेवढा वेळ वापरला जाई. बाकीचे सारे शिवार काळोखात असे. माझे आजोळ याच खारेपाटातले. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना घड्याळ पाहून वेळ सांगता येत नसे, पण कृत्तिका कुठवर आल्या हे पाहून पहाटेला किती अवकाश आहे ते सांगता येई.

आता या जिल्ह्याच्या इतिहासातला एक विरोधाभास पाहा. मुंबईला झगमगवणारी वीज तयार झाली ती आपल्या दाराशी. टाटांच्या कंपन्यांनी सह्याद्रीच्या माथ्यावर धरणे बांधली आणि पाणी पायथ्याला आणून वीज काढली. १९१५ मध्ये खोपोली, १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. भिऱ्याला येणारे पाणी मुळशीच्या धरणातले. ते सुमारे पाचशे मीटर खाली कोसळते, जनित्रे फिरवते आणि कुंडलिकेला मिळून कोलाडवरून रोह्याकडे वाहते. उन्हाळ्यातही कुंडलिका वाहती दिसते, ती या पाण्यामुळे.

या पाण्यासाठी मुळशी पेट्यातल्या बावन्न गावांवर पाणी सोडावे लागले. १९२१ च्या एप्रिलमध्ये तिथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव मिळाले ते याच लढ्यात. लढा हरला, धरण झाले. तेव्हा कोणाच्या मनात प्रकाशाच्या प्रदूषणाचा विचारही नव्हता. प्रश्न होता तो जमिनीचा. पण त्या लढ्याने एक गोष्ट दाखवून दिली. दिवा एका ठिकाणी लागतो आणि त्याची किंमत दुसऱ्या ठिकाणी मोजली जाते. घाटावरच्या लोकांची जमीन गेली, कोकणातल्या पायथ्याला वीज तयार झाली, आणि तारा निघाल्या त्या मुंबईच्या गिरण्यांकडे. तारांखालची अनेक गावे पुढची कित्येक वर्षे कंदिलावरच राहिली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत खेडोपाडी खांब पोचले.

खांब आला तो दिवस गावोगावी सणासारखा साजरा झाला, आणि त्यात काहीच गैर नव्हते. काळोखाचे गोडवे गाणाऱ्यांनी काळोखाची किंमतही लक्षात घेतली पाहिजे. याच जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात मुले आणि तरणीताठी माणसे दगावत होती. या दंशात हृदयावर काय परिणाम होतो हे त्यांनी तपासले. पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून त्यांनी मृत्यूचे प्रमाण खाली आणले. 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाने हे काम जगापुढे ठेवले. विंचू रात्री बाहेर पडतो, मण्यारही रात्रीच. अंधाऱ्या पडवीत, पेंढ्याच्या उडवीपाशी, शेताच्या बांधावर पाय कुठे पडतो ते दिसले तर दंश टळतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत अनेक दिवस वीज नव्हती. आकाश त्या दिवसांत चांगलेच काळे झाले असेल, पण पाण्याचा पंप बंद, मोबाइल बंद आणि घराचे छप्पर उडालेले अशा अवस्थेत तारे पाहायला कोणाला सवड होती? म्हणून आपला ताळेबंद प्रामाणिक हवा. दिव्याची जमा बाजू मोठी आहे. प्रश्न खर्चाच्या बाजूचा आहे, कारण ती बाजू आपण अजून लिहायलाच घेतलेली नाही.

ही खर्चाची बाजू कधी वाढली? पेण आणि रोह्यापुरते पाहायचे तर तीन टप्पे दिसतात. पहिला टप्पा उद्योगांचा. धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत, नागोठण्याचे पेट्रोकेमिकल संकुल, डोलवीचा पोलाद कारखाना ही सगळी चोवीस तास चालणारी कामे. तिथे रात्रभर भरपूर उजेड लागतो, सुरक्षेसाठी लागतोच. दुसरा टप्पा रस्त्याचा आणि रेल्वेचा. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते आणि १९९८ मध्ये ती राष्ट्राला अर्पण झाली. पनवेल ते इंदापूर या टप्प्यात मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात लागला. तिसरा टप्पा एलईडीचा. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने रस्त्यावरचे दिवे बदलण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि देशभरात सव्वा कोटीहून अधिक एलईडी दिवे बसले. वीज वाचली, ग्रामपंचायतींची बिले कमी झाली. पण स्वस्त झालेली वस्तू माणूस जास्त वापरतो. जिथे एक पिवळा बल्ब होता तिथे चौकाचौकात हायमास्ट आले, कमानींवर माळा आल्या, झाडांच्या बुंध्यांना दिव्यांची वेटोळी पडली.

प्रकाशाचे प्रदूषण म्हणजे दिवा असणे नव्हे. उजेड नको तिथे, नको तेव्हा किंवा नको तितका पडणे म्हणजे प्रदूषण. त्याचे तीन प्रकार सहज ओळखता येतात. वर सांडलेला उजेड हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर विखुरतो आणि आकाशच उजळून निघते, हा पहिला. मोठ्या शहराची ही झळाळी शंभर किलोमीटरवरूनही दिसू शकते. पेणला रात्री वायव्येकडे तोंड करून उभे राहिलात तर मुंबईची दिशा विचारावी लागत नाही. दुसरा प्रकार डोळे दिपवणाऱ्या झोताचा. अशा झोतामागची सावली अधिकच काळी होते आणि रस्ता ओलांडणारा माणूस दिसत नाही. तिसरा प्रकार घुसखोर उजेडाचा, म्हणजे रस्त्याच्या दिव्याने आपल्या अंथरुणावर पडणे. आमच्या घरासमोर काही वर्षांपूर्वी असा एक पांढराशुभ्र दिवा लागला. खिडकीला जाड पडदा लावून आम्ही तो प्रश्न सोडवला. कौलाच्या फटीतून उजेड येणाऱ्या घराने काय करावे, हा प्रश्न तसाच राहिला.

दिव्याचा रंगही महत्त्वाचा असतो. जुने सोडियमचे दिवे पिवळे होते. नव्या पांढऱ्या एलईडीत निळ्या प्रकाशाचा अंश मोठा असतो. निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. दिवसा आकाश निळे दिसते ते याचमुळे. त्यामुळे तेवढ्याच उजेडाचा पांढरा दिवा रात्रीचे आकाश अधिक बिघडवतो. गंमत अशी की रात्रीच्या पृथ्वीची छायाचित्रे घेणाऱ्या प्रमुख उपग्रहाच्या यंत्राला हा निळा अंश दिसतच नाही. उपग्रहाचे आकडे म्हणूनच कमी भरतात. 'सायन्स' नियतकालिकात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साध्या नागरिकांनी २०११ ते २०२२ या काळात डोळ्यांनी तारे पाहून केलेल्या पन्नास हजारांवर नोंदी वापरल्या होत्या. त्यावरून आकाशाची झळाळी दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचे निघाले. या वेगाने, जिथे आज जन्मलेल्या मुलाला अडीचशे तारे दिसतात तिथे ते अठरा वर्षांचे होईल तेव्हा शंभरच दिसतील. या नोंदी मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या आहेत. आपल्याकडच्या फार थोड्या आहेत, हे ध्यानात ठेवा. शेवटी मी पुन्हा तिकडे येणार आहे.

आता धोक्यांकडे वळू. पहिला धोका शेतीचा, कारण आपण भाताच्या मुलखात राहतो. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि ॲलर्ड या दोन शास्त्रज्ञांनी दाखवले की वनस्पती केव्हा फुलणार हे दिवसाच्या लांबीवर ठरते. १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी एका तणावर प्रयोग केला. त्यातून निघाले ते असे की झाड खरे तर रात्रीची लांबी मोजते. लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ दिवा लावला तरी ते झाड फुलेनासे झाले. भात हे मुळात लांब रात्रीला फुलणारे पीक. आपले शेतकरी हळवे, निमगरवे आणि गरवे असे भाताचे प्रकार सांगतात. जुन्या गरव्या जाती दिवाळीच्या सुमारास रात्री मोठ्या होऊ लागल्या की तयार होतात, ही या मोजणीचीच करामत. सुधारित जातींत ही संवेदना बरीच कमी असते, म्हणून सगळ्या शेतांचे नुकसान होते असे मी म्हणणार नाही. परंतु रस्त्याच्या दिव्याखालचे भात लोंबी उशिरा टाकते हे जपानमध्ये पद्धतशीर अभ्यासले गेले आहे. तिथे भाताला त्रास होणार नाही असे खास दिवेही तयार करण्यात आले. महामार्गाला आणि चौकाला लागून ज्यांची खाचरे आहेत त्यांनी कापणीच्या आधी एकदा पाहावे. खांबाखालचा पट्टा बाकीचे शेत पिवळे झाल्यावरही हिरवा राहतो का? उत्तर शेतातच मिळेल.

दुसरा धोका किड्यांचा. दिव्याकडे किडे झेपावतात, हे कोणाला वेगळे सांगायला नको. खोडकिड्याचे पतंग मारायला शेतकरी प्रकाश सापळा लावतो तो याच आधारावर. मग रस्त्याचा प्रत्येक उघडा दिवा हा रात्रभर चालू असलेला सापळाच झाला, आणि त्यात उपयोगी किडेही सापडतात. फुलांवर रात्री फिरणारे पतंग त्यात आहेत, तसेच किडे खाऊन शेताची राखण करणाऱ्या वटवाघळांचे खाद्यही आहे. काही वटवाघळे दिव्यांभोवती चरतात, पण उजेड टाळणाऱ्या जातींचे नेहमीचे मार्गच तुटतात. काजव्यांची गोष्ट तर उघडच आहे. मे संपता संपता पहिल्या पावसाच्या आगेमागे सह्याद्रीच्या पायथ्याची झाडे लुकलुकतात ती जोडीदाराला दिलेल्या खुणेने. नर-मादीची ती खूण मंद असते. हायमास्टच्या उजेडात ती विरून जाते, खूण पोचत नाही आणि पुढची पिढी होत नाही. रोहा आणि मुरूड तालुक्यांच्या सीमेवर फणसाडचे अभयारण्य १९८६ पासून आहे. झाडे राखली, शिकारीला बंदी केली, तरी भोवतालच्या गावांचा आणि हॉटेलांचा उजेड अभयारण्याच्या हद्दीवर थांबत नाही. थोडे दक्षिणेला श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर, दिवेआगर-हरिहरेश्वरकडे, ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पिल्ले बाहेर पडली की क्षितिजाच्या उजळ बाजूकडे धावतात. हजारो वर्षे ती बाजू समुद्राची होती. किनाऱ्यावर दिवे लागले की ती बाजू रस्त्याची होते.

तिसरा धोका आपल्या शरीराचा. इथे जपून बोलले पाहिजे, कारण भीती पसरवणे सोपे असते. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन नावाचे संप्रेरक सोडते. १९५८ साली ॲरन लर्नर यांनी ते वेगळे काढले. १९८० साली असे दिसले की माणसात तीव्र उजेडाने मेलाटोनिन दबते. २००२ मध्ये आणखी एक कोडे सुटले. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याचे काम न करणाऱ्या, पण दिवस की रात्र एवढे मेंदूला कळवणाऱ्या पेशी असतात, आणि त्या निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. शरीरातल्या या घड्याळाच्या संशोधनाला २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ बिघडले की झोप, भूक, रक्तदाब, साखर यांचे वेळापत्रक ढळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ साली रात्रपाळीचे काम 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले आणि २०१९ मध्ये तो निष्कर्ष कायम ठेवला. हा निष्कर्ष रात्रपाळीबद्दल आहे. खिडकीतून येणाऱ्या दिव्याला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण रात्रपाळी म्हणजे आपल्याकडची थोडीथोडकी माणसे नव्हेत. धाटाव आणि नागोठण्याचे कामगार तीन पाळ्यांत काम करतात. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत भाद्रपदाच्या आधीचे दोन-तीन महिने रात्री जागून रंगकाम आणि आखणी चालते, प्रखर दिव्याखाली डोळे ताणून. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराच्या स्वतःच्या डोळ्यांचा आणि झोपेचा विचार कारखान्याच्या हिशेबात यायला हवा.

रस्त्यावरच्या दिव्याचे काय? पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना जमिनीवर पाव लक्सच्या आसपास उजेड पडतो. चांगल्या दिव्याच्या रस्त्यावर दहा-वीस लक्स असतो, म्हणजे पन्नासपट आणि कधी त्याहून अधिक. २०१९ च्या एका अभ्यासात संध्याकाळच्या सुमारे पंचवीस लक्स उजेडात सरासरी माणसाचे मेलाटोनिन निम्म्यावर आले. पण माणसामाणसांत पन्नासपटीपर्यंत फरक आढळला. म्हणून एकाला दिव्याखाली गाढ झोप लागते आणि दुसरा रात्रभर कूस बदलतो. दुसऱ्याला लाडावलेला म्हणून हसू नये. त्याच वेळी हेही खरे की झोपताना तोंडासमोर धरलेला मोबाइल आणि खोलीतली प्रखर ट्यूब यांचा उजेड बहुतेकांच्या बाबतीत बाहेरच्या खांबापेक्षा जास्त असतो. तो बंद करायला ग्रामपंचायतीचा ठराव लागत नाही.

आणखी एक धोका अगदी अलीकडचा. २०२३ च्या गणेशोत्सवात मिरवणुकांतल्या लेझर झोतांनी डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याच्या घटना पुढे आल्या. नेत्रतज्ज्ञांनी इशारे दिले आणि पुढच्या वर्षी पुण्यात पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली. हे नुकसान तत्काळ दिसले म्हणून कारवाईही तत्काळ झाली. सावकाश होणाऱ्या नुकसानीचे तसे होत नाही.

कायदा काय म्हणतो? हवा प्रदूषणाच्या १९८१ च्या कायद्यात १९८७ साली दुरुस्ती होऊन आवाजाचा समावेश झाला आणि २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहाची मर्यादा आज सर्वांना ठाऊक आहे, ती त्यातूनच आली. प्रकाशासाठी देशात असा स्वतंत्र कायदा नाही. पण दार अगदीच बंद आहे असेही नाही. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यमापनाच्या अधिसूचनेत प्रकल्पाने भरायच्या पहिल्या नमुन्यात आवाज आणि कंपनांच्या जोडीला प्रकाश व उष्णतेच्या उत्सर्जनाचाही प्रश्न विचारलेला आहे. रकाना आहे, पण मोजायला मर्यादाच ठरलेली नसल्याने त्याला वजन येत नाही. २०२४ मध्ये झाडांवर गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि न्यायालयाने सरकारला व महापालिकांना नोटिसा काढल्या. त्याच वर्षी जानेवारीत आपल्या महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी २०२२ मध्ये लडाखमधल्या हानले इथे काळोखाचे राखीव क्षेत्र घोषित झाले होते. काळोख ही राखण्याजोगी वस्तू आहे, एवढे तरी सरकारदरबारी मान्य झाले, असे यावरून म्हणता येईल.

पण पेण म्हणजे पेंच नव्हे. इथे जंगल कमी आणि माणसे जास्त. शिवाय उजेड आता झपाट्याने वाढणार आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या परिसरात नवे नगर वसवण्याची आखणी सरकारने २०२४ मध्ये जाहीर केली. वृत्तपत्रे त्याला 'तिसरी मुंबई' म्हणतात. माझे म्हणणे एवढेच आहे की खांब उभे राहण्यापूर्वी आपण मूसांसारखे वागावे. आजची नोंद आज घ्यावी. उद्या कोणी म्हणाला की इथे आधीही तारे दिसत नव्हते, तर त्याला दाखवायला कागद असावा.

नोंद घ्यायला महागडे यंत्र लागत नाही. आपल्या परंपरेनेच एक मोजपट्टी दिलेली आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, अमावास्येच्या आसपास, रात्री नवाच्या सुमारास उत्तरेकडे सप्तर्षी पाहा. चौकोन आणि शेपटी जिथे जोडली जातात तो अत्री हा सातांतला सर्वांत मंद तारा. तो दिसत नसेल तर तुमचे आकाश शहराचे झाले. अत्री दिसला तर शेपटीच्या मधल्या वसिष्ठाजवळची अरुंधती शोधा. लग्नात वधूवरांना ती दाखवतात. पुरोहित मांडवाबाहेर बोट दाखवतो आणि सगळे माना डोलावतात, पण ती खरोखर दिसते का हे कोणी विचारत नाही. हिवाळ्यात कृत्तिकांचे सहा तारे वेगवेगळे मोजता येतात का ते पाहा. आणि शेवटची पायरी आकाशगंगेची. या चार पायऱ्यांपैकी तुमचे गाव कोणत्या पायरीवर आहे, हे तारीख, वेळ आणि जागा घालून वहीत लिहा. शाळांनी हे दर अमावास्येला केले तर दोन वर्षांत पेण ते रोहा असा एक नकाशा तयार होईल. कुलाबा आणि अलिबागच्या नोंदींनाही दोनच वर्षे लागली होती.

आणि उपाय? ते खर्चिक नाहीत. दिव्यावर टोपण असावे, म्हणजे उजेड खाली रस्त्यावर पडेल. रंग पांढऱ्याऐवजी पिवळसर असावा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये रस्त्याच्या दिव्यांसाठी ३००० केल्विनची वरची मर्यादा सुचवली. दिव्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो, खरेदी करताना तेवढा वाचावा. शोभेच्या माळा आणि जाहिरातींचे दिवे रात्री अकरानंतर बंद व्हावेत. खाचरांच्या आणि खाडीच्या बाजूला दिव्याला आडोसा द्यावा. दवाखाना, बसथांबा, पाणवठा, बाईमाणसांच्या येण्याजाण्याची वाट इथे मात्र उजेड पुरेसा असलाच पाहिजे. तिथला एकही दिवा काढायला मी सांगणार नाही.

नदीत गेलेले रसायन काढायला वर्षे लागतात. कुंडलिकाकाठच्या लोकांना ते सांगायला नको. वर सांडलेला उजेड मात्र दिवा झाकला त्याच रात्री थांबतो. पुढच्या ग्रामसभेत दिव्यांचा विषय निघेल तेव्हा किती खांब हवेत या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारा. या खांबाचा उजेड नेमका कुठे पडणार आहे?